फ्री रेन : सैल सोडलेल्या कासऱ्याचा इंग्रजी वाक्प्रचार कसा शिकावा

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीकडे वळलेल्या विद्यार्थ्याला व्याकरणापेक्षा वाक्प्रचारांची धास्ती अधिक असते. व्याकरणाला नियम असतात. वाक्प्रचारातील प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही सगळे शब्द एकत्र आले की अर्थ हातून निसटतो. 'गिव्ह फ्री रेन' हा असाच एक वाक्प्रचार आहे. स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकांत तो भेटतो, इंग्रजी वर्तमानपत्रांत भेटतो आणि नोकरीच्या मुलाखतीतही कानावर पडतो. लातूर, नांदेड, परभणी येथील अभ्यासिकांत जी पुस्तके विद्यार्थी वापरतात, त्यांत त्याच्यापुढे बहुधा 'पूर्ण स्वातंत्र्य देणे' एवढाच अर्थ छापलेला असतो. तो चूक नाही, पण तेवढ्यावर थांबणारा विद्यार्थी हा वाक्प्रचार पुढे चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या माणसासमोर आणि बहुतेक वेळा चुकीच्या स्पेलिंगने वापरतो, असा माझा शिकवण्याच्या वर्षांतला अनुभव आहे. म्हणून या एकाच वाक्प्रचारासाठी एक तास राखून ठेवावा आणि पुढील पायऱ्या त्याच क्रमाने चढाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली पायरी : कानाने ओळखणे

'रेन' हा उच्चार असलेले तीन वेगवेगळे शब्द इंग्रजीत आहेत. पाऊस या अर्थाच्या शब्दाचे स्पेलिंग आर-ए-आय-एन, लगाम या अर्थाच्या शब्दाचे आर-ई-आय-एन आणि राजवट या अर्थाच्या शब्दाचे आर-ई-आय-जी-एन असे आहे. तिन्हींच्या उच्चारात तसूभरही फरक नाही. लगामाचा 'रेन' वाचताना आपल्याकडील अनेक विद्यार्थी 'राईन' म्हणतात आणि राजवटीच्या 'रेन'मधील जी उच्चारण्याचा प्रयत्न करतात. ई-आय या अक्षरांचा येथील उच्चार 'ए' असा लांब होतो, जसा तो आठ या आकड्याच्या 'एट' या शब्दात किंवा रक्तवाहिनीच्या 'व्हेन' या शब्दात होतो. राजवटीच्या शब्दातील जी मूक असते.

एकदा वर्गात मी हा वाक्प्रचार फळ्यावर न लिहिता केवळ उच्चारला आणि अर्थ विचारला, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने 'मोफत पाऊस' असे उत्तर दिले. वर्गात हशा पिकला, पण मला ते उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन येणाऱ्या रेल्वेगाडीची वाट लातूर शहराने पाहिली होती. अशा मुलखात वाढलेल्या मुलाचा कान 'रेन' म्हटल्यावर पावसाकडेच जाणार. त्याच्या उत्तरात दोन चुका होत्या आणि दोन्ही उपयोगी होत्या. पहिली 'रेन'ची आणि दुसरी 'फ्री'ची. आपल्या रोजच्या बोलण्यात 'फ्री' म्हणजे मोफत, आणि 'मी आता फ्री आहे' असे म्हणतो तेव्हा मोकळा. या वाक्प्रचारातील 'फ्री' दुसऱ्या अर्थाचा, म्हणजे मोकळा, न ताणलेला, सैल असा आहे. 'फ्री रेन' म्हणजे सैल लगाम, एवढे पहिल्या पायरीवर पक्के करावे.

दुसरी पायरी : चित्र डोळ्यांसमोर आणणे

वाक्प्रचार पाठ करण्यापूर्वी तो ज्या वस्तूवरून आला ती वस्तू पाहिलेली असावी. घोड्याच्या तोंडात लोखंडी कडी असते, तिला दोन्ही बाजूंनी चामड्याचे पट्टे जोडलेले असतात आणि ते स्वाराच्या हाती असतात. इंग्रजीत त्या पट्ट्याला 'रेन' म्हणतात. हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'मागे धरून ठेवणे' या अर्थाचे क्रियापद आहे. राखून ठेवणे या अर्थाचा इंग्रजी 'रिटेन' हा शब्दही त्याच मुळातून निघाला आहे. स्वाराने पट्टे ताणले की घोड्याची गती रोखली जाते, आणि हात ढिला सोडला की घोडा आपल्या चालीने, आपल्याला सोयीच्या वाटेने जातो. अवघड उतारावर किंवा दगडगोट्यांच्या वाटेवर स्वारापेक्षा घोड्याला पाय कुठे ठेवावा हे अधिक कळते, आणि जाणता स्वार तेथे लगाम सैल सोडतो. ज्यांनी घोडा जवळून पाहिलेला नाही त्यांनी लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत एकदा जाऊन यावे. तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि लगाम ताणलेला घोडा व सैल सोडलेला घोडा यांच्या मानेतील फरक लांबूनही ओळखू येतो.

आपल्यातील बहुतेकांना मात्र घोड्यापेक्षा बैल जवळचा, आणि मला स्वतःला हा वाक्प्रचार खऱ्या अर्थाने कळला तो बैलगाडीवरूनच. उदगीरकडच्या आमच्या गावी आजोबांकडे देवणी बैलांची जोडी होती. बैलाच्या नाकात वेसण आणि वेसणीला बांधलेला लांब कासरा, त्याची टोके आजोबांच्या हाती. सकाळी शेताकडे जाताना वाटेत दुसऱ्यांची उभी पिके असत, बैल ज्वारीत तोंड घालण्याची शक्यता असे, त्यामुळे कासरा ताणलेला असे. संध्याकाळी परतताना ओढा ओलांडला की आजोबा कासरा सैल करीत. बैलांना घराची वाट ठाऊक होती आणि दावणीची ओढही होती, ते आपणहून पाय उचलीत. आजोबा त्या वेळी दोन्ही हातांनी तंबाखू मळत बसत, पण कासऱ्याची टोके मात्र त्यांच्या मांडीखाली दाबलेली असत. पक्क्या सडकेवर समोरून ट्रक आला की तंबाखू तशीच तळहातावर ठेवून ते दुसऱ्या हाताने कासरा खेचीत आणि जोडी कडेला उभी राहत असे.

मांडीखाली दाबलेला तो कासरा विसरू नये. बैलांच्या मानेवर त्या वेळी ताण नव्हता, ते हव्या त्या वेगाने चालत होते, पण वेसण नाकात होती आणि दोराचे टोक मालकाजवळ होते. 'फ्री रेन' म्हणजे नेमके हेच. कासरा सोडून देणे वेगळे, कासरा सैल सोडणे वेगळे. पुस्तकातील 'पूर्ण स्वातंत्र्य' या अर्थात हा फरक बुडून जातो, आणि पुढील सगळ्या चुका तेथूनच सुरू होतात.

तिसरी पायरी : जी कोठे लिहायचा आणि कोठे नाही

या वाक्प्रचारात सर्वाधिक होणारी चूक म्हणजे लगामाच्या जागी राजवटीचा शब्द लिहिणे. ही चूक केवळ आपण करतो असे मुळीच नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही ती करतात आणि छापील मजकुरातही ती आढळते. घोडा रोजच्या जीवनातून गेला, लगाम हाती धरण्याची सवय गेली, आणि 'एखाद्याला मोकळेपणाने राज्य करू देणे' असा अर्थ लावला तर राजवटीचा शब्दही तेथे शोभून दिसतो. ऐकण्यातून जन्मलेल्या आणि अर्थानेही पटण्यासारख्या वाटणाऱ्या अशा चुकांना इंग्रजीत 'एगकॉर्न' म्हणतात. ओक वृक्षाच्या फळाला 'एकॉर्न' म्हणतात, ते कोणी 'एगकॉर्न' असे ऐकून तसेच वापरले, आणि त्यावरून भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००३ मध्ये हे नाव सुचवले. परीक्षेत मात्र ही चूक कितीही समजण्याजोगी असली तरी गुण जातात, आणि अर्जात झाली तर वाचणाऱ्याच्या नजरेत ती भरते.

आपल्याकडे याच्या अगदी जवळची चूक दर वर्षी सप्टेंबरमध्ये दिसते. 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' असे लिहायचे असताना काही फलकांवर 'दीन' असे लिहिलेले असते. ऐकताना फरक जाणवत नाही, पण ऱ्हस्व 'दिन' म्हणजे दिवस आणि दीर्घ 'दीन' म्हणजे गरीब, केविलवाणा. एका वेलांटीने अभिमानाचा दिवस लाचारीचा होतो. असा फलक पाहून ज्याला वाईट वाटते, त्याला 'रेन'मधील जी या अक्षराचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

हे लक्षात ठेवण्याची युक्ती मराठीतच आहे. राजवट या अर्थाचा इंग्रजी शब्द लॅटिनमधील राज्यवाचक शब्दातून आला असून लॅटिनमध्ये राजाला 'रेक्स' म्हणतात. हा 'रेक्स' आणि आपला 'राजा' एकाच प्राचीन मुळातून निघालेले आहेत. म्हणजे त्या इंग्रजी शब्दातील मूक जी आणि आपल्या राजातील ज हे दूरचे भाऊबंद आहेत. राजवटीत ज आहे, म्हणून राजवटीच्या 'रेन'मध्ये जी आहे. लगामात ज नाही, कासऱ्यात ज नाही, म्हणून त्यांच्या 'रेन'मध्ये जी नाही. एवढे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. सार्वभौम या अर्थाचा 'सॉव्हरिन' हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत आहे, त्याच्या स्पेलिंगमध्येही जी शिरला तो याच राजवटीच्या शब्दाशी जोडला गेल्यामुळे, हे जाता जाता नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी मी दोन्ही शब्द असलेले एकच वाक्य देतो, कारण ते एकदा लिहिले की सहसा विसरले जात नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांची राजवट १९११ ते १९४८ अशी होती. तिच्या अखेरच्या काळात कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगावी जे अत्याचार केले, त्यांच्या आठवणी आपल्याकडील अनेक घरांत आजही सांगितल्या जातात. इंग्रजीत ते असे लिहिता येईल : 'टोवर्ड्स द एंड ऑफ द निजाम्स रेन, द रझाकार्स वेअर गिव्हन फ्री रेन.' पहिल्या 'रेन'मध्ये जी आहे, कारण ती राजवट आहे. दुसऱ्यात नाही, कारण तो लगाम आहे. मराठीत आपण म्हणू, 'निजामाच्या राजवटीच्या अखेरीस रझाकारांना मोकळे रान मिळाले.'

हे वाक्य आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवावे. ते कर्मणी प्रयोगात आहे आणि मोकळे रान कोणी दिले हे त्यात सांगितलेले नाही. पण 'फ्री रेन' हा शब्दप्रयोग आला की लगाम कोणाच्या तरी हाती होता हे आपोआप गृहीत धरले जाते. त्या हाताने लगाम ओढला असता तर ओढता आला असता, तो ओढला गेला नाही, असा आरोप या दोन शब्दांत सामावलेला आहे. म्हणूनच वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत, चौकशी अहवालांवरील बातम्यांत आणि सत्ताधाऱ्यांवरील टीकेत हा वाक्प्रचार वारंवार येतो. तेथे तो वाचला की पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : लगाम कोणाच्या हाती होता? उताऱ्यावरील प्रश्नाचे उत्तर बहुधा तेथेच सापडते.

चौथी पायरी : देणारा कोण आणि घेणारा कोण

लगाम हाती असलेलाच तो सैल सोडू शकतो. त्यामुळे 'फ्री रेन' देणारा नेहमी अधिकाराने वरचा असतो आणि तो मिळणारा त्याच्या हाताखालचा असतो. संपादक वार्ताहराला देतो, मुख्याध्यापक शिक्षकाला देतो, आई स्वयंपाकघरात सुनेला देते, ग्राहक कारागिराला देतो. उलट दिशेने हा वाक्प्रचार जात नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्या नोकरीच्या वेळी कंपनीला पाठवलेल्या ईमेलमध्ये रुजू होण्याची तारीख ठरवण्याबाबत 'आय गिव्ह यू फ्री रेन' असे लिहिले होते. तिच्या मनात 'आपण ठरवाल ती तारीख मला मान्य आहे' ही नम्र भावना होती. वाचणाऱ्याला मात्र 'तुम्हाला हवे ते करण्याची मी मुभा देते' असे वाटले आणि तिला त्याबद्दल दोन शब्द ऐकून घ्यावे लागले. दोष तिचा नव्हता, कारण तिला अर्थ शिकवताना कासरा कोणाच्या हाती असतो हे कोणी सांगितलेच नव्हते. अशा ठिकाणी 'एनी डेट दॅट सूट्स यू' किंवा 'आय लीव्ह इट टू यू' असे साधे वाक्य लिहावे. वरिष्ठांना, परीक्षकांना, पाहुण्यांना आणि वयाने मोठ्या माणसांना उद्देशून 'फ्री रेन' देऊ नये. आपल्याला मिळाला असेल तर मात्र खुशाल सांगावे. वाळूजच्या कारखान्यात काम केलेल्या तरुणाने मुलाखतीत 'माय मॅनेजर गेव्ह मी फ्री रेन टू रीअरेंज द स्टोअर' असे सांगितले, तर वरिष्ठांचा त्याच्यावर विश्वास होता हे एका वाक्यात समजते, आणि फुशारकी मारल्यासारखेही वाटत नाही.

पाचवी पायरी : वाक्याचा साचा

साचे दोनच आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ द्यायची नाही. माणसाला मोकळीक द्यायची असेल तर 'गिव्ह'नंतर माणूस, मग 'फ्री रेन' आणि त्यानंतर 'टू' जोडून क्रियापद. उदाहरणार्थ, 'द हेडमास्टर गेव्ह द ड्रॉइंग टीचर फ्री रेन टू पेंट द वॉल्स', म्हणजे भिंती कशा रंगवायच्या याची पूर्ण मोकळीक मुख्याध्यापकांनी चित्रकलेच्या शिक्षकांना दिली. क्रियापदाऐवजी कामाचे क्षेत्र सांगायचे असेल तर 'इन', 'ओव्हर' किंवा 'विथ' येते. पैठणच्या वीणकराकडे पैठणी विणून घेणारी ग्राहक काठ नारळीच हवा असे ठरवून देते, पण पदरावरील मोरांची मांडणी आणि रंगसंगती त्याच्यावर सोपवते, तेव्हा 'शी गेव्ह द वीव्हर फ्री रेन विथ द कलर्स' असे म्हणता येते. येथे काठाची अट कायम आहे, हे लक्षात घ्यावे. एखाद्या मर्यादेच्या आत दिलेली मोकळीकही 'फ्री रेन'च असते, कारण सैल कासऱ्यालाही लांबी असते.

दुसरा साचा भावनांचा आणि कल्पनेचा आहे. त्यात 'फ्री रेन' आधी येतो, मग 'टू' आणि त्यानंतर कल्पना, राग, दुःख, लोभ असा शब्द येतो. 'ही गेव्ह फ्री रेन टू हिज इमॅजिनेशन' याचे मराठी करताना मराठी भाषा आपल्याला मोठी देणगी देते, कारण आपल्याकडे कल्पनेचा वारू असतो आणि तो चौखूर उधळतो. इंग्रजीत घोडा शब्दाआड लपलेला आहे, मराठीत तो समोर उभा आहे. 'शी गेव्ह फ्री रेन टू हर ग्रीफ' याचे मात्र 'तिने दुःखाला मोकळी वाट करून दिली' असे करावे. दुःखाच्या वेळी मराठी माणसाला घोडा आठवत नाही, अडलेले पाणी आठवते.

काळ बदलला तर 'गिव्ह', 'गेव्ह', 'गिव्हन' एवढेच बदलते. 'फ्री रेन' बदलत नाही आणि त्याचे अनेकवचनही करायचे नाही. त्याच्याआधी 'अ' हे उपपद लावलेलेही ब्रिटिश लेखनात आढळते आणि ते चूक नाही, पण नवशिक्याने उपपदाविना लिहिण्याची सवय ठेवावी. 'गेट' आणि 'हॅव' या क्रियापदांबरोबरही तो चालतो.

सहावी पायरी : मराठीत आणताना नेमका शब्द निवडणे

भाषांतराच्या प्रश्नात येथेच कस लागतो. मराठीत या अर्थाच्या जवळपासचे शब्द भरपूर आहेत, पण प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. 'मोकळीक' आणि 'मुभा' यांत विश्वास आहे, म्हणून कारागीर, शिक्षक, कलावंत यांच्या संदर्भात हे शब्द घ्यावेत. 'मोकळे रान' यात बहुधा नापसंती असते. 'वाळूमाफियांना मोकळे रान' असे आपण वाचतो, 'चित्रकाराला मोकळे रान' असे क्वचितच. 'मोकाट' तर उघडच निंदेचा शब्द आहे, आणि मोकाट सुटलेल्या जनावराला दोर नसतोच, त्यामुळे अर्थानेही तो 'फ्री रेन'च्या पुढे जातो. 'मुक्तहस्ते' हा शब्द पाहून अनेक जण फसतात. त्याचा अर्थ सढळ हाताने असा आहे, दान मुक्तहस्ते केले जाते, आणि त्याचा मोकळीक देण्याशी संबंध नाही. इंग्रजी 'फ्री रेन' स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. तो कोणाला किंवा कशाला मिळाला, यावरून त्याचा रंग ठरतो, आणि मराठी शब्द निवडताना तो रंग वाक्यातून ओळखावा लागतो.

इंग्रजीतील शेजारचे काही शब्दप्रयोग येथेच पाहून घ्यावेत. 'अ फ्री हँड' याचा अर्थ जवळपास तोच आहे, स्पेलिंगची भीती त्यात नाही, आणि ऐन परीक्षेत लगाम की राजवट असा संभ्रम पडला तर तो वापरून निभावता येते. 'कार्ट ब्लांश' हा फ्रेंचमधून आला असून त्याचा शब्दशः अर्थ कोरा कागद असा आहे. सही करून कोरा कागद हाती दिल्याप्रमाणे त्यातील अधिकार अधिक मोठा असतो. 'फ्री फॉर ऑल' मात्र या कुटुंबातील नाही. ज्याला जे वाटेल ते करण्याचा तो गोंधळ आहे. करारपत्रात किंवा शासकीय पत्रात 'फ्री रेन' लिहू नये. तेथे 'फुल डिस्क्रिशन', म्हणजे निर्णयाचा पूर्ण अधिकार, असे स्पष्ट शब्द हवेत.

सातवी पायरी : ताणलेला लगाम

कासरा सैल सोडण्याचा शब्दप्रयोग आला की तो ओढण्याचाही आला पाहिजे. 'रेन इन' म्हणजे आवर घालणे. आपली वृत्तपत्रे 'महागाईला वेसण घालण्यासाठी व्याजदरात वाढ' असे लिहितात तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांत त्याच बातमीत 'टू रेन इन इन्फ्लेशन' असे असते. त्यांचा लगाम, आपली वेसण, अर्थ एकच. 'कीप अ टाइट रेन ऑन' म्हणजे सतत लगाम ताणून ठेवणे, खर्चावर किंवा कर्मचाऱ्यांवर करडी नजर ठेवणे. 'टेक द रेन्स' आणि 'हँड ओव्हर द रेन्स' म्हणजे अनुक्रमे सूत्रे हाती घेणे आणि सोपवणे. येथे शब्द अनेकवचनी येतो, कारण स्वार बदलतो तेव्हा दोन्ही बाजूंचे पट्टे एका हातातून दुसऱ्या हातात जातात. या सगळ्यांत जी नाही, हे पुन्हा पाहून घ्यावे.

आठवी पायरी : सराव

वाचून झाल्यावर वही मिटू नये. त्याच दिवशी पुढील तीन मराठी वाक्यांचे इंग्रजी करावे आणि उत्तरे नंतरच पाहावीत. पहिले वाक्य : यंदा शेतात काय पेरायचे ते ठरवण्याची मोकळीक वडिलांनी ताईला दिली. दुसरे : ग्रामपंचायतीने खर्चाला वेसण घातली. तिसरे : १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला.

पहिल्याचे उत्तर 'माय फादर गेव्ह माय एल्डर सिस्टर फ्री रेन टू डिसाइड व्हॉट टू सो धिस इयर' असे होईल. शेत वडिलांचे, निर्णय ताईचा, आणि तिने सोयाबीन पेरायचे ठरवले काय किंवा तूर, वडील शेजारी आहेतच. दुसऱ्याचे उत्तर 'द ग्रामपंचायत रेन्ड इन इट्स स्पेंडिंग'. येथे 'रेन' क्रियापद झाला आहे, त्याला ई-डी जोडायचे, जी घालायचा नाही.

तिसऱ्या वाक्यात विद्यार्थी हमखास अडकतात. नुकताच शिकलेला वाक्प्रचार वापरण्याची घाई होते आणि मराठवाड्याला 'फ्री रेन' मिळाला असे लिहिले जाते. तसे लिहिले तर दोर अजून निजामाच्याच हाती आहे आणि त्याने तो केवळ सैल सोडला आहे, असा अर्थ होतो. त्या दिवशी हैदराबाद संस्थानाची शरणागती झाली आणि तो दोर धरणारा हातच राहिला नाही. म्हणून येथे 'मराठवाडा वॉज लिबरेटेड ऑन सेव्हन्टीन्थ सप्टेंबर नाइन्टीन फॉर्टीएट' एवढेच लिहावे.